बुडवलेलं जहाज राखायचं कुणी?

सिंधुदुर्गात निवतीच्या खडकांजवळ समुद्राच्या तळाशी एक युद्धनौका नेऊन ठेवायची, अशी योजना महाराष्ट्रानं आखली आहे. ‘आयएनएस गुलदार’ ही रणगाडे आणि सैनिक थेट किनाऱ्यावर उतरवणारी नौका. पोलंडमधल्या ग्डिनिया इथं 30 डिसेंबर 1985 रोजी ती भारतीय नौदलात दाखल झाली आणि 12 जानेवारी 2024 रोजी पोर्ट ब्लेअरला निवृत्त झाली. भंगारात न काढता ती राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाकडे सोपवण्यात आली. सुमारे 22 मीटर खोलीवर ती ठेवायची, तिच्यावर प्रवाळ आणि मासे वस्तीला येऊ द्यायचे आणि स्कूबा करणाऱ्यांना ती दाखवायची, असा बेत आहे. केंद्र सरकारनं त्यासाठी 46.91 कोटी रुपये मंजूर केले.

जहाज मुद्दाम बुडवावं का? आणि जे अपघातानं बुडालं, त्यावर माणसांनी हौसेनं उतरावं का? हे प्रश्न फक्त किनाऱ्यावरच्या लोकांचे नाहीत. आंबेगाव तालुक्यात, सह्याद्रीच्या कड्यावर वसलेल्या आहुप्याला देवराई राखण्याचा अनुभव आहे आणि गावं पाण्याखाली जाण्याचाही. म्हणून हा संवाद तिथं मांडला आहे. मामा आश्रमशाळेत शिकवून निवृत्त झालेले, देवराईच्या राखणीत लक्ष घालणारे. भाची तारकर्लीत स्कूबा शिकली आणि आता मालवणात पर्यटकांना पाण्याखाली नेते. माणसं रचलेली आहेत. त्यांच्या बोलण्यातली जहाजं, जागा आणि सालं खरी आहेत.

मामा : आधी मला एवढंच सांग, बुडालेल्या जहाजात बघण्यासारखं असतं तरी काय? गंजलेलं लोखंडच ना?

भाची : लोखंडच असतं, मामा. पण कोकणच्या किनाऱ्यापुढे बराचसा तळ वाळूचा नाहीतर चिखलाचा आहे. तिथं कुणाला चिकटून राहायला जागा नाही. अशा तळावर लोखंड पडलं की आधी त्याच्यावर बारीक जीवांचा बुळबुळीत थर धरतो. मग बार्नॅकल आणि कालवं बसतात, स्पंज येतात, मऊ प्रवाळ येतात. त्यांच्या फटींत छोटे मासे लपतात आणि त्यांच्या मागावर गोबरा, तांबोशी येतात. गोव्यात ग्रँड आयलंडजवळ ‘सुझीज रेक’ म्हणतात ते जहाज आहे. त्याचं जहाजपण आता फारसं उरलेलं नाही, पत्रे आणि फासळ्या विखुरल्यात. पण बाजूच्या उघड्या वाळूवर चिटपाखरू नसतं आणि त्या पत्र्यांभोवती माशांची गर्दी असते.

मामा : आणि उथळ जहाजाचं एवढं अप्रूप का? माणसाला खोल जायची हौस असते असं मी ऐकतो.

भाची : पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. दहा मीटरवर वरच्यापेक्षा दुप्पट, वीस मीटरवर तिप्पट. दाब वाढेल तशी सिलिंडरमधली हवा भराभर संपते आणि अंगात नायट्रोजन जास्त मुरतो. त्यामुळं खोल जहाजावर थोडाच वेळ मिळतो, उथळ जहाजावर निवांत बघता येतं. उजेडाचंही तसंच. पाणी सगळ्यात आधी लाल रंग गिळतं. थोडं खाली गेलं की लाल मासा करडा दिसायला लागतो, टॉर्च मारला की त्याचा रंग परत येतो. उथळात पाणी स्वच्छ असेल तर अख्खं जहाज उन्हात दिसतं. आणि नवख्या माणसाला काही झालं तर वर येणं सोपं.

मामा : ‘काही झालं तर’ म्हणजे?

भाची : माणूस घाबरतो. घाबरला की श्वास धरून ठेवतो, आणि पाण्याखाली तेच करायचं नसतं. वर येताना फुप्फुसातली हवा फुगते. ती कोंडली तर फुप्फुस फाटू शकतं. म्हणून पहिला धडा एकच, श्वास चालू ठेवा. सावकाश वर या आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबा, म्हणजे अंगातला नायट्रोजन हळूहळू निघून जातो. जहाजात धोके आणखी असतात. धारदार पत्रे, अडकलेली जाळी. आत शिरलं आणि पायातल्या फिननं गाळ उठला की क्षणात काही दिसेनासं होतं. म्हणून शिक्षण नसलेल्यानं, दोरी आणि टॉर्च जवळ नसलेल्यानं बाहेरूनच बघायचं. फ्लोरिडात ‘स्पीगल ग्रोव्ह’ नावाचं जहाज असंच मुद्दाम बुडवलंय. 2007 साली त्याच्या आत शिरलेले तीन डायव्हर परत आले नाहीत, आणि ते नवखे नव्हते.

मामा : तू हे लपवून ठेवत नाहीस, हे बरं केलंस. आता माझं ऐक. ‘रामदास’ बोट तुला माहीत असेल.

भाची : भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली.

मामा : 17 जुलै 1947. गटारी अमावस्या. सणाला घरी निघालेली माणसं होती. मुंबईपासून फार लांब नाही, काशाच्या खडकाजवळ पावसाळी वाऱ्यात बोट कलंडली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. रेवसकडच्या कोळ्यांनी होड्या घालून काहींना वर काढलं. महिन्याभरात देश स्वतंत्र झाला आणि त्या घरांचं दुःख त्या गजरात बुडून गेलं. अलिबागच्या बाजूला आजही अशी घरं असतील, जिथून त्या दिवशी कुणीतरी गेलं आणि आलं नाही. अशा ठिकाणी माणसं कॅमेरे घेऊन उतरणार असतील, तर तुझे मासे आणि तुझे प्रवाळ मला ऐकवू नकोस.

भाची : तिथं उतरू नये, हे मला मान्य आहे. ज्या जहाजाबरोबर माणसं गेली ते स्मशान आहे, आणि जगभरातले चांगले डायव्हर तसंच मानतात. पाण्याखालच्या वारशाबद्दल युनेस्कोनं 2001 साली करार केला. शंभर वर्षं पाण्यात असलेल्या वस्तूंना तो लागू होतो आणि वस्तू आहे तिथंच राखणं हा त्यात पहिला पर्याय धरलाय.

मामा : शंभर वर्षं म्हणजे ‘रामदास’ला 2047 उजाडावं लागेल. तोवर त्या माणसांची किंमत नाही?

भाची : कायद्याची मोजणी तशी आहे. माझी तशी नाही. पण म्हणून सगळीच बुडालेली जहाजं मिटून ठेवायची का? गोव्याजवळ सुंची रीफवर सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष आहेत, जेमतेम तीन ते सहा मीटर पाण्यात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी डाइव्ह करून ते अभ्यासले. तोफा मिळाल्या, हस्तिदंत मिळाले, पाणघोड्याचे दात मिळाले, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे मिळाले. आफ्रिकेचा आणि चीनचा माल एका जहाजात कसा भरला जात होता, हे त्या तळानं सांगितलं. सेंट जॉर्ज रीफवर विटा आणि कौलारू सामान सापडलं, त्यावर ‘बासेल मिशन टाइल वर्क्स 1865’ असा शिक्का आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या कित्येक घरांची कौलं ज्या मंगळुरी कारखान्यांतून यायची, त्यांची ही खूण. पाण्याखाली कुणी उतरलंच नसतं, तर हे कळलं असतं कसं?

मामा : अभ्यासाला उतरणारा आणि हौसेला उतरणारा यांत फरक आहे. अभ्यास करणारा वस्तू कुठं पडली, कशी पडली ते नोंदवतो. हौशी माणूस भांड्याचा तुकडा खिशात घालतो. आपल्या देवराईत वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, हे तू लहानपणापासून बघितलंयस. सरपणाची गरज नव्हती म्हणून नव्हे. घराघरात चूल होती, पावसात लाकूड मिळत नव्हतं, तरी त्या राईला कुणी हात लावला नाही.

भाची : तोच नियम मी लोकांना पाण्याखाली सांगते, मामा. हात लावायचा नाही, काही उचलायचं नाही, काही ठेवायचं नाही. मला तो तारकर्लीत नव्यानं शिकावा लागला नाही.

मामा : नियम सांगणं सोपं. तो पाळला जातो कारण राईला राखणारं गाव आहे. समुद्रात गाव कुठलं?

भाची : त्यावर मी येते. पण आधी एक गोष्ट तुम्ही समजून घ्या. जहाज बुडवलं नाही तरी माणसं समुद्रात उतरणारच आहेत. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास खरे, जिवंत प्रवाळ आहेत. 1987 साली तिथं मालवण सागरी अभयारण्य झालं. दर मोसमात आयुष्यात पहिल्यांदा पाण्याखाली जाणारे असंख्य लोक तिथं येतात. पहिल्यांदा उतरणारा माणूस दचकला की पाय टेकायला काहीतरी शोधतो आणि पायाखाली सापडतो तो प्रवाळ. त्या माणसाचा हेतू वाईट नसतो, पण वर्षानुवर्षं वाढलेला तुकडा एका लाथेत मोडतो. ही गर्दी एखाद्या साफ केलेल्या जहाजाकडे वळली, तर तो प्रवाळ थोडा श्वास घेईल. लोखंडावर माणसाचा पाय पडला तर लोखंडाचं काय जातं?

मामा : गर्दी वळेल, की दुप्पट होईल? डांबरी रस्ता झाला की गाड्या कमी होत नाहीत गं, वाढतात. जहाज बघायला येणारा किल्ल्याजवळही उतरून जाईल. आणि 22 मीटर म्हणजे पहिल्यांदा उतरणाऱ्याला तू नेणार आहेस का?

भाची : नाही. पहिल्या वेळी आम्ही बारा मीटरच्या खाली कुणाला नेत नाही. प्राथमिक कोर्स केलेल्यालाही अठरा मीटरची मर्यादा असते. पण जहाज तळावर उभं बसलं तर त्याचा वरचा भाग बराच उथळात येतो. तळ बघायला शिकलेले लोक जातील. नवखे लोक माथ्यावरून पाहतील.

मामा : म्हणजे ज्या नवख्यांसाठी प्रवाळ वाचवायचा म्हणतेस, त्यांना जहाज अर्धंच मिळणार. हा मुद्दा तुझ्या बाजूनं लंगडा आहे.

भाची : लंगडा आहे, खोटा नाही. किल्ल्याजवळची माणसं मोजून सोडायची आणि उरलेल्यांना जहाजाकडे न्यायचं, ही दोन्ही कामं एकदम केली तरच त्याचा उपयोग. नुसतं जहाज बुडवून प्रवाळ वाचत नाही, हे मी कबूल करते.

मामा : आता लोखंडाविषयी. त्याच्या अंगावरचा रंग, पोटातलं तेल, वायरी. हे सगळं समुद्रात मिसळणार नाही का?

भाची : साफ केलं नाही तर मिसळेल. बुडवण्याआधी इंधन, वंगण, विषारी रसायनं असलेल्या वायरी, ॲस्बेस्टॉस, सुटं होणारं सगळं काढावं लागतं. माणूस आत अडकू नये म्हणून बाजूंना मोठी भोकं पाडावी लागतात. जगात हे नीट झालंय आणि वाईटही झालंय. फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ 1970 च्या दशकात सुमारे 20 लाख टायर समुद्रात टाकले होते. मासे येतील म्हणाले. टायरांच्या बांधण्या सुटल्या आणि ते वादळांत लोळत लोळत शेजारच्या खऱ्या प्रवाळावर आदळले. पुढं लष्कराच्या डायव्हरांना ते वर काढायच्या कामाला लावलं. पॅसिफिकमध्ये पामायरा बेटाजवळ 1991 मध्ये एक मासेमारी जहाज बुडालं. त्याच्या लोखंडामुळं प्रवाळासारखाच दिसणारा एक आक्रमक जीव पसरला आणि त्यानं खऱ्या प्रवाळावर ताबा मिळवला. शेवटी 2013-14 मध्ये ते जहाज तुकड्यांनी काढून न्यावं लागलं.

मामा : मग हे तू माझ्याच बाजूनं बोलतेस.

भाची : खरं ते सांगते. पामायराच्या पाण्यात मुळात लोह अगदी कमी, म्हणून एका जहाजानं एवढा फरक पडला. कोकणातल्या नद्या दर पावसाळ्यात लाल माती समुद्रात ओततात. इथं तेच होईल असं म्हणता येत नाही. पण होणारच नाही हे मोजल्याशिवाय म्हणणंही चूक. म्हणून जहाज ठेवण्याआधी तिथं काय आहे ते लिहून ठेवलं पाहिजे, आणि नंतर दरवर्षी पुन्हा बघितलं पाहिजे.

मामा : आणि पावसाळ्यातला समुद्र? आमच्या कड्यावर जून-जुलैत उभं राहवत नाही. खाली कोकणात तोच वारा समुद्रावरून येतो.

भाची : ‘स्पीगल ग्रोव्ह’चंच उदाहरण घ्या. 2002 मध्ये बुडवताना ते आधी उलटं गेलं, मग कुशीवर आडवं पडलं. 2005 मध्ये एका चक्रीवादळानं ते तळावरच सरळ उभं केलं. तेव्हा समुद्राची ताकद मी कमी समजत नाही. गुलदार ऐंशीहून जास्त मीटर लांब आहे. तिला हलू न देण्याचं गणित अभियंत्यांचं, आणि ते गणित लोकांसमोर मांडलं पाहिजे.

मामा : मासे येतात म्हणालीस. येतात, की नवे जन्मतात?

भाची : या प्रश्नावर शास्त्रज्ञही अजून भांडतात. आजूबाजूचेच मासे एका जागी गोळा झाले, तर माशांची संख्या वाढत नाही, ते पकडायला सोपे होतात एवढंच. पिल्लांना आसरा मिळून खरंच वाढ झाली, तर तो फायदा. कुठलं घडेल ते तिथं जाळी पडतात की नाही यावर बरंचसं अवलंबून आहे.

मामा : झालं. आता तू माझ्या मुद्द्याशी आलीस. डिंभ्याचं धरण आठव. जुनं आंबेगाव त्या पाण्याखाली गेलं. तालुक्याला नाव त्याचंच राहिलं, कचेऱ्या मात्र घोडेगावात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की घरांची जोती उघडी पडतात. ज्यांचं ते गाव होतं त्यांना विचारून पाणी आलं नव्हतं. म्हणून सरकार काही बुडवणार म्हटलं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, तिथल्या माणसांना विचारलं का? निवतीच्या मच्छीमाराची जाळी जिथं पडतात तिथं जहाज ठेवलं, तर त्याला उद्या म्हणणार, हा पर्यटनाचा भाग आहे, इकडं येऊ नकोस.

भाची : हा तुमचा सगळ्यात खरा मुद्दा आहे. पण डिंभ्याची पुढची गोष्टही तुम्हीच मला सांगितलीत. ज्यांच्या जमिनी गेल्या त्या महादेव कोळी आणि कातकरी लोकांनी त्याच जलाशयात मासेमारी शिकून घेतली, सहकारी संस्था उभी केली. ‘शाश्वत’ संस्थेच्या त्या कामाला 2012 साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पाणी आलं तो अन्यायच होता. पण त्या पाण्यावर हक्क कुणाचा, हे लोकांनी झगडून ठरवलं. बालीमध्ये तुलांबेनला असंच एक जहाज आहे, ‘लिबर्टी’. 1942 मध्ये जपानी पाणबुडीनं त्यावर टॉर्पेडो सोडला, ते किनाऱ्याला आणून टेकवलं. 1963 मध्ये आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकानं ते समुद्रात ढकललं गेलं. आज ते पाच मीटरपासून तीस मीटरपर्यंत उतारावर पसरलंय, जगभरचे लोक तिथं येतात, आणि गावातल्या बायका डोक्यावरून सिलिंडर वाहून रोजगार मिळवतात.

मामा : सिलिंडर वाहणं म्हणजे हक्क नव्हे, पोरी. ती मजुरी झाली. ज्याच्या हातात ‘आज बंद’ म्हणायचा अधिकार आहे, तो राखणदार. आपल्या राईत कौल लावल्याशिवाय झाड तुटत नाही, आणि ‘नाही’ म्हणायचा अधिकार गावाकडे आहे. त्यामुळं ती टिकली. नुसती वनखात्याची पाटी असती, तर कधीच गेली असती.

भाची : मग निवतीलाही तसंच झालं पाहिजे. त्याच टापूत वेंगुर्ला रॉक्सच्या गुहेत पाकोळ्यांची वसाहत आहे. त्यांची लाळेची घरटी चोरून परदेशी विकली जात होती. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं ते उघडकीला आणलं आणि राखण सुरू केली. समुद्रातल्या खडकालाही राखणदार मिळतो, हे तिथं दिसलं. जहाजालाही मिळेल. मच्छीमार सोसायटीची माणसं व्यवस्थापनात हवीत, नुसती होडी चालवायला नकोत. जहाजाभोवती जाळी टाकायची नाहीत हे त्यांच्या संमतीनं ठरावं आणि त्याबदल्यात डाइव्हच्या उत्पन्नात त्यांचा ठरलेला वाटा असावा. पिल्लं तिथं वाढली तर बाहेर पडणारा मासा त्यांच्याच जाळ्यात येणार आहे.

मामा : आणि माणसं गेलेल्या जहाजांचं काय? तिथं तू माझ्या बाजूला आहेस ना?

भाची : पूर्णपणे. उलट मला वाटतं, स्वच्छ केलेलं आणि कुणाचा जीव न घेता बुडवलेलं जहाज शिकायला उपलब्ध असेल, तर खऱ्या अपघाताच्या जागांवर जायची ओढ कमी होईल. ‘रामदास’ची गोष्ट मी गुलदारवर उतरणाऱ्या प्रत्येकाला होडीतच सांगेन. समुद्रात लोखंड का असतं आणि कुणामुळं असतं, हे कळलेला माणूस वेगळ्या नजरेनं खाली उतरतो.

मामा : तुझं-माझं एका गोष्टीवर अजून जमत नाही. माझं म्हणणं, राखणदार आधी नेमा, जहाज नंतर ठेवा. राई आधी आणि गावाचं राखणं मागाहून असं कधी झालेलं नाही.

भाची : माझं म्हणणं, राखण्यासारखं काही समोर असल्याशिवाय माणसं एकत्र येत नाहीत. डिंभ्याची सोसायटी पाणी आल्यावरच झाली.

मामा : पाणी आल्यावर झाली, कारण आधी विचारणारं कुणी नव्हतं. त्या उशिराची किंमत लोकांनी मोजली. ती पुन्हा मोजायला लावणं मला पटत नाही.

भाची : यावर माझ्याकडे उत्तर नाही, मामा. तुम्ही बरोबर आहात असं मला आत्ता वाटतंय. मग मी एवढं करू शकते. जहाजाच्या जागी आज काय काय आहे, कोण कुठल्या महिन्यात कुठलं जाळं टाकतो, हे मी आणि माझे सोबती निवतीच्या मच्छीमारांबरोबर बसून लिहून काढू शकतो. पावसाळ्यात 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, आमचंही पाण्यात उतरणं बंद असतं. तेव्हा सगळे घरी भेटतात.

मामा : ते कर. त्या कागदावर आधी त्यांची सही घे, मग कचेरीत ने. आणि ‘आज बंद’ म्हणायचा अधिकार त्या कागदात पहिल्या ओळीत लिही. तो लिहिला गेला, तर जहाज खाली ठेवायला माझा विरोध नाही.